वाळवंट कोणतं? छोट्या सैनिकांच्या पायाखालची जमीन

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी,

गेल्या पावसाळ्यापासून २८ मिमी उंचीच्या छोट्या जवानांच्या मराठा पलटणीवर काम चाललंय. बारा जवान आणि एक ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन. प्रसंग लिबियातल्या तोब्रुक बंदराचा, जून १९४२. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तेव्हा तिथे होती. २० जूनला आग्नेयेकडून जर्मन हल्ला आला तो याच पलटणीच्या मोर्च्यावर, आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हेच जवान करायचे असं ठरवलं.

जवान रंगवून झाले. अडलं ते पायाखाली.

पहिले चार बेस, म्हणजे जवान ज्यावर उभा राहतो त्या चकत्या, मी सगळे करतात तसेच केले. फेविकॉल लावला, नदीची वाळू दाबली, पिवळा रंग दिला. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं, जवान वाळूत नाहीत, खडीच्या ढिगावर उभे आहेत. हिशेब साधा आहे. २८ मिमीची फिगर म्हणजे साधारण १:५६ प्रमाण. त्यात १ मिमीचा वाळूचा कण ५६ मिमीचा होतो, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा धोंडा. अर्ध्या मिमीचा कणसुद्धा सुपारीपेक्षा मोठा. म्हणजे आपण ज्याला वाळू म्हणून चिकटवतो ती या जवानांच्या जगात वाळू नसतेच. खरी वाळू दाखवायची तर कण डोळ्यांना दिसता कामा नये. त्यासाठी वस्त्रगाळ पूडच लागते.

दुसरी चूक मोठी होती आणि ती शब्दातून आली असं मला वाटतं. आपण वाळवंट म्हणतो. आपल्या कानावर हा शब्द लहानपणापासून चंद्रभागेच्या वाळवंटामुळे पडलेला. वाळवंट म्हटलं की डोळ्यासमोर वाळूच येते. पण लिबियाच्या किनाऱ्यालगत जिथे ही लढाई झाली तो चुनखडीचा पठारी माळ आहे. वर धुळीचा पातळ थर, खाली लगेच खडक, मधेमधे खुरटी काटेरी झुडपं. खंदक खणायला गेलं तर पहार वाजायची. म्हणून जवान दगड रचून छातीएवढा आडोसा करत, त्याला फौजेत सांगर म्हणत. अख्ख्या सहारातही वाळूच्या टेकड्यांचा भाग पाव हिश्श्याच्या आसपासच आहे. बाकी सगळा खडक आणि रेव.

तेव्हा हा धागा मी एकाच प्रश्नासाठी काढतोय. रंग कोणता, गोंद कोणता हे नंतर. आधी वाळवंट कोणतं? तुम्ही कोणतं केलंत, जमीन कशाने केलीत, ते लिहा. माझी पद्धत खाली प्रतिसादात देतो.

लातूरकर_७२

सर, लई चांगला विषय काढलात. मी १/७२ मधे करायलो, तिथं तर अजून अवघड. अर्ध्या मिमीचा कण म्हणजे ३६ मिमीचा गोटा. मी वाळू सोडूनच दिली बघा. टाइल्सच्या सांध्यात भरायची ग्राउटची पूड आणतो, फिकट बदामी रंगाची. एक किलोचं पाकीट आणलं तर दोन वर्षं पुरतं. रंग मुळातच वाळवंटाचा असतो, म्हणून टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही.

दगडासाठी एक सांगतो. आमच्याकडं शहाबादी फरशी कापायची दुकानं आहेत. तिथं कडेला पडलेल्या कपच्या मागा, कुणी पैसे घेत नाही. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, थर-थर सुटतो. तुमच्या लिबियाला याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. काळ्या पाषाणाची खडी वापरू नका, तिची मोड वेगळी असते.

दुधनाकाठ

लातूरकर, मनापासून आभार. मी आजवर रस्त्याकडेच्या खडीचेच तुकडे वापरत होतो आणि रंगाखाली झाकत होतो. रंग झाकला जातो, पण कड झाकली जात नाही. काळा पाषाण फुटतो तेव्हा कोपरे निघतात. चुनखडी थराने सुटते आणि वाऱ्याने गोल होते. या आठवड्यात लातूरला जाणं आहे, कपच्या घेऊन येतो.

आता माझी पद्धत.

बेस ३ मिमी एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), २५ मिमी गोल. घरावरच्या पाट्या करून देणारा लेझर कटिंगवाला आहे, त्याच्याकडून एकदम शंभर कापून घेतले. एमडीएफवर ओलं काही लावलं की तो बशीसारखा वाकतो, म्हणून आधी खालच्या बाजूलाही फेविकॉलपाण्याचा एक हात देतो. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या की वाकत नाही.

वर भिंतीची पुट्टी, थोडा फेविकॉल आणि थोडा अॅक्रिलिक रंग एकत्र कालवतो. श्रीखंडाएवढं घट्ट हवं. आइस्क्रीमच्या काडीने पसरतो, पण सपाट करत नाही. ओलं असतानाच मोठे दगड रोवतो. दगड वर ठेवायचा नाही, निम्मा आत जाऊ द्यायचा. जमिनीतला दगड जमिनीतून वर आलेला दिसतो, वरून पडलेला नाही. मग चहाच्या गाळणीतून बारीक रेव, तीही सगळीकडे नाही, दगडाच्या बुडाशी जास्त. सगळ्यात शेवटी वस्त्रगाळ धूळ. रात्रभर सुकू देतो.

दुसऱ्या दिवशी फेविकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. या थेंबाशिवाय पाणी धुळीवर गोळा होऊन राहतं आणि सगळी मेहनत एका बाजूला वाहून जाते. ड्रॉपरने कडेकडेने सोडायचं, ते आपोआप आत झिरपतं.

छोटा रणगाडा (नांदेड)

काका, मी अकरावीत आहे. मला लोंगेवाला करायचंय. माझ्याकडे १/७२ चे टी-५९ रणगाडे आहेत आणि आपले जवान. मग मी पण दगड लावायचे का?

दुधनाकाठ

नाही बाळा, तुझ्या प्रश्नामुळे धाग्याचा विषयच नीट उलगडेल. लोंगेवाला राजस्थानच्या थर वाळवंटात आहे आणि तिथे खरोखरीच वाळूच्या टेकड्या आहेत. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री २३ पंजाबच्या ‘ए’ कंपनीने ती चौकी धरली, सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली. पाकिस्तानी रणगाडे वाळूत रुतले हा त्या लढाईतला मोठा भाग आहे. तिथे तू दगड लावलेस तर गोष्टच बदलेल.

तुला हवी गुळगुळीत, मऊ वाळू आणि तिच्यावर लाटा. वाऱ्याने वाळूवर पडणाऱ्या लाटा साधारण सात ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर असतात. त्याला ७२ ने भाग. एक ते दोन मिलिमीटर येतात. आता घरात एक ते दोन मिलिमीटरवर दात असलेली वस्तू शोध.

छोटा रणगाडा

फणी! उवांची फणी!

दुधनाकाठ

अगदी बरोबर. पुट्टी अर्धवट सुकली की फणी हलक्या हाताने ओढ. सरळ रेषेत नको, थोडी नागमोडी. दोन लाटा मधेच एक होऊ देत, खऱ्या वाळूत तसंच होतं. लाटा वाऱ्याला आडव्या पडतात, आणि प्रत्येक लाटेची वाऱ्याकडची बाजू सपाट चढ, पलीकडची तीव्र उतार. हे इतक्या लहान आकारात बोटाने किंवा ओल्या कापसाने थोडं दाबलं तरी जमतं.

रणगाड्याचं चाक मात्र लाटा मोडून जायला हवं. पुट्टी ओली असताना रणगाडा तेल लावून दाबायचा, उचलायचा, मग सुकल्यावर परत बसवायचा. साखळीचा ठसा खोल उमटू दे. आणि एक लक्षात ठेव, टेकडी बेसवर मावत नाही. टेकडीचा एक उतार फक्त करायचा, बेसची एक बाजू ५-६ मिमी उंच ठेवून. झुडूप हवं असेल तर तिकडे फोग आणि खिंप असतात, पानं नसल्यासारखी काटक्या-काटक्यांची.

काळीमाती (परभणी)

मी एरवी फक्त वाचते, पण इथे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी मृदाशास्त्र शिकलेली आहे. माझा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, फिगर करतो. कुतचा वेढा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, म्हणून त्याला त्यात रस. तो टायग्रिसच्या काठावर पिवळी वाळू लावत होता. मी त्याला म्हटलं, अरे, ती नदीने आणून टाकलेली गाळाची माती आहे. पावसात चिखल, उन्हात भेगा. तुझ्या दारातच आहे की!

आपल्या काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणाने. भेगा दाखवायची बाजारातली रसायनं महाग असतात. आमची काळी माती हेच काम फुकट करते.

पण एक नियम पाळावा लागतो. भेगांमधलं अंतर थराच्या जाडीवर ठरतं. पातळ थर, बारीक तुकडे. जाड थर, मोठे तुकडे. शेतातला भेगांमधला तुकडा समजा तीस ते साठ सेंटिमीटरचा. १:५६ मध्ये तो पाच ते दहा मिलिमीटर होतो. आम्ही एक, दोन, तीन आणि चार मिमी जाडीच्या चार चकत्या करून पाहिल्या. दोन मिमीची सगळ्यात खरी वाटली.

माती आधी पाण्यात ढवळून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. रेव तळाशी राहते. गढूळ पाणी निवळलं की तळाला जे लोणी बसतं ते वापरा. त्यात फेविकॉल घालू नका, घातला की भेगा पडत नाहीत. मात्र बेस आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्या, नाहीतर तुकडे पापडासारखे वर उचलले जातात. सावलीत वाळवा.

दुधनाकाठ

ताई, हे सोनं आहे. एक शंका. भेगा पडल्यावर पक्कं करायला मी फेविकॉलपाणी सोडलं तर?

काळीमाती

तर माती परत फुगेल आणि भेगा मिटतील. आमच्या पहिल्या चकत्या अशाच गेल्या, रात्री सुंदर भेगा होत्या आणि सकाळी नुसता लिबलिबीत गोळा. पाण्याचं काहीच लावायचं नाही. लाकडाला लावतात ते थिनरमधलं वार्निश पातळ करून दोन वेळा पाजा. खिडकी उघडी ठेवून. ते पूर्ण वाळलं की मग अॅक्रिलिक रंग चालतो, आत पाणी जात नाही.

आणि रंग काळा ठेवायचा नाही! आपल्या मातीचं वागणं घ्यायचं, रंग नाही. टायग्रिसचा गाळ फिकट राखाडी-तपकिरी असतो.

लातूरकर_७२

“वागणं घ्यायचं, रंग नाही.” ताई, हे लिहून ठेवायलो मी.

बालाघाटी (अंबाजोगाई)

माझं वाळवंट नाही म्हणता येणार, तरी लिहितो. मी केरनची लढाई करतो, आफ्रिकेतलं एरिट्रिया, १९४१. पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनने मार्चमध्ये फ्लॅट टॉप ही टेकडी घेतली, आणि २७ मार्चला केरन पडलं. उघडे डोंगर, धोंडे, काटेरी झुडपं, टोकदार गवत. मी बालाघाटात वाढलो, त्यामुळे मे महिन्यातला उघडा उतार कसा दिसतो हे पाठ आहे.

गवतासाठी कुसळी वापरतो. कापणी झाल्यावर माळावर जी उभी असते ती. तिचं टोक बारीक असतं, २८ मिमीला कमरेएवढं गवत वाटतं. झुडपासाठी कोथिंबिरीच्या जुडीची मुळं. बाजारातून आणली की आई मुळं कापून टाकते, ती मी धुऊन वाळवतो. उलटी धरली की हुबेहूब वाळकं झुडूप. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्याही चांगल्या, पण त्या ठिसूळ, आधी फेविकॉलपाण्यात बुडवून घ्याव्या लागतात. कुठलंही झाडपाल्याचं सामान तव्यावर मंद आचेवर शेकून घ्या. माझ्या एका डब्यात सोनकिडे झाले आणि वीस झुडपं भुसा झाली.

तुमच्या लिबियाला झुडपं फार नकोत, सर. बारा बेसमध्ये तीनवर पुरे.

दुधनाकाठ

मान्य. तीन नाही, दोनच लावतो. मला मोकळं दिसायला हवंय. त्या माळावर लपायला काही नव्हतं, हेच त्या जवानांचं दुःख होतं, ते बेसवर दिसलं पाहिजे.

रंगाबद्दल दोघातिघांनी निरोपात विचारलं, ते इथेच लिहितो. पोस्टर कलर नको, वरून ओलं काही लावलं की विरघळतो. साधा अॅक्रिलिक घ्या. आधी पूर्ण बेसला पातळ रॉ अंबर (मातकट तपकिरी), तो खाचांत बसतो. वर यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा आणि किंचित रॉ अंबर. तोब्रुकला पांढरा जास्त, ऑकर कमी. थरला ऑकर जास्त. मग कोरड्या ब्रशने मळकट पांढरा, फक्त दगडांच्या कडांना. इथे हात आवरायचा असतो. ब्रश कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा झाला की मगच बेसला लावायचा.

यानंतर मी पूड रंग वापरतो आणि त्यासाठी परदेशी डब्या मागवायची गरज मला कधी पडली नाही. किराणा-रंगाच्या जुन्या दुकानात पिवडी आणि गेरू अजून मिळतात. पिवडी, खडूची पूड आणि चिमूटभर गेरू वस्त्रगाळ करून बाटलीत भरून ठेवली आहे. मऊ ब्रशने जवानाच्या बुटांवर, पट्ट्यांवर, गुडघ्यावर हलकेच लावतो. गुडघे टेकून गोळी झाडणाऱ्याच्या गुडघ्यावर जास्त. बेस कितीही चांगला केला आणि बूट स्वच्छ राहिले तर जवान तिथे आलेला वाटत नाही, ठेवलेला वाटतो.

नागझरी (छत्रपती संभाजीनगर)

वाऱ्याचं कुणी बोललं नाही. दगडाच्या ज्या बाजूला आडोसा असतो तिथे वाळू साठते. सगळ्या पलटणीच्या बेसवर ती एकाच दिशेला साठलेली हवी. नाहीतर प्रत्येक जवानाच्या पायाशी वेगळा वारा वाहतोय असं दिसतं.

लातूरकर_७२

पण टेबलावर लढाईचा खेळ खेळताना आपण फिगर फिरवतोच की. एक पूर्वेकडं तोंड करून, एक दक्षिणेकडं. मग दिशा कशी टिकणार?

नागझरी

खेळात नाही टिकणार, हे कबूल. पण कपाटात मांडताना टिकते, आणि फोटोत टिकते. शिवाय ब्रेन गनचा मोठा बेस असतो, सांगरचा असतो, ते फारसे फिरत नाहीत. निदान त्यांच्यावर तरी एकच वारा ठेवा.

दुधनाकाठ

दोघांचंही पटतं. मी असं करतो: एकट्या जवानांच्या बेसवर वाळूचा ढीग करतच नाही, फक्त धूळ. सांगर आणि ब्रेन गन यांच्यावर मात्र वाऱ्याची दिशा दाखवतो.

नागझरी

आणखी एक, हवामानाचं. मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. मी भाद्रपदात एका दमट संध्याकाळी गच्चीवर मारला आणि अख्खी तुकडी धुक्यात गेल्यासारखी पांढरी झाली. चार महिन्यांचं काम होतं, त्या रात्री जेवण गेलं नाही. नंतर दिवाळीच्या कोरड्या हवेत वरून ग्लॉसचा पातळ हात दिला तेव्हा बरंचसं परत आलं, पण सगळं नाही. उलट एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४२ अंशात रंग ब्रशवरच सुकतो. तेव्हा स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

काळीमाती

वाळूचं एक राहिलं. नदी-नाल्याची वाळू, विशेषतः खारवट पट्ट्यातली, तीन-चार पाण्यांनी धुवा आणि कढईत कोरडी भाजा. आत क्षार राहिले तर पहिल्या पावसाळ्यात ओल लागून ते वर येतात आणि रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. ती बुरशी नसते, मीठ असतं. पुसून जात नाही, परत परत येतं.

दुधनाकाठ

ताई, माझ्या पहिल्या चार बेसचं नेमकं हेच झालं होतं, आणि मी वर्षभर वार्निशला दोष देत होतो!

लातूरहून कपच्या आणल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून हातोडीने अलगद फोडल्या, तर खरंच पानं सुटावीत तशा सुटल्या. त्यातून सांगर रचलं. सोळा दगड, खाली मोठे, वर लहान, मधे कुठेही गोंद दिसू दिला नाही. जवळून पाहिलं तर आपल्याकडच्या शेताच्या बांधासारखंच रचलेलं आहे. त्या जवानांतल्या कित्येकांनी घरी बांध घातले असणार, त्यामुळे ते तसंच ठेवलं. आत ब्रेन गनवाला आणि त्याचा जोडीदार. दगडांच्या एका बाजूला धूळ साठवली, नागझरी म्हणाले तशी.

सात बेस झाले, पाच उरलेत.

छोटा रणगाडा

काका, फणीने जमलं! पहिल्यांदा पुट्टी फार ओली होती, लाटा परत सपाट झाल्या. दुसऱ्यांदा वीस मिनिटं थांबलो. पण रणगाडा दाबला तेव्हा साखळीला पुट्टी चिकटून आली, तेल लावलं होतं तरी.

दुधनाकाठ

तेलावर वरून टाल्कम पावडर भुरभुर, मग दाब. आणि सरळ वर उचल, पुढे-मागे हलवू नकोस.